कोरडं वजन

केंड्रिस मागच्या सीटवर बसून पाणी पीत होता. दुधाचा मोठा रिकामा कॅन मी आदल्या दिवशी धुऊन ठेवला होता. तो गळ्यापर्यंत भरलेला, आणि पोरगं दर थोड्या मैलांनी तो दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावत होतं.

"किती राहिलंय अजून?" मी आरशातून विचारलं.

"अर्ध्यावर आलंय."

"बाप्तिस्म्याच्या दिवशीही यानं निम्मा हौद पिऊन टाकला होता," पुढच्या सीटवरून डीकन रफिन म्हणाले. "रेव्हरंड म्हणाले होते, या पोराच्या आत्म्याबरोबर आतडीही धुतली गेली."

"डीकन, हसवू नका. बाहेर येईल सगळं."

"मग खिडकी उघडून बस. सिस्टर ओझेलानं सीटला नवी कव्हरं घातलीत."

सिस्टर ओझेला म्हणजे मी; आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि माउंट नेबो चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गाते. केंड्रिस माझ्या बहिणीचा, रोलंडाचा मुलगा. तिला वृद्धाश्रमातल्या कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून गाडी मी चालवत होते. आणि डीकन रफिन, आमच्या चर्चचे वडीलधारे सेवक, आले होते ते एवढ्याचसाठी, की कुणी कुठंही निघालं की ते टोपी घालून अंगणात तयारच असतात. ऐंशी केव्हाच ओलांडलीय, पण घरी बसवत नाही.

केंड्रिस टॉलिव्हर कॉलेजकडून फुटबॉल खेळायचा, आमच्या अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा तो. मैदानात सगळ्यांच्या मागं उभं राहायचं आणि पुढची फळी फोडून जो कुणी चेंडू घेऊन पळत येईल त्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. चार वर्षांत त्याच्या हातून फार थोडे निसटले. पण एप्रिलच्या शेवटी मोठे व्यावसायिक संघ पोरं निवडतात, तेव्हा कोणी किती जणांना आडवं केलं हे आधी विचारत नाहीत. आधी विचारतात, उंची किती, वजन किती, हात किती लांब, आणि चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो. ते मोजायला संघांची पारखी माणसं गावोगाव फिरतात. टॉलिव्हरला, आमच्या काळ्या लोकांच्या छोट्या कॉलेजला, ती येत नाहीत. टॉलिव्हरच्या मैदानावर चुन्याच्या रेघा कोच ब्लेडसो स्वतः मारतात, आणि तेच दुपारी वर्गात इतिहास शिकवतात. तिथं कोण येणार? म्हणून राज्याचं मोठं विद्यापीठ आपल्या मुलांची चाचणी ठेवतं तेव्हा आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांच्या मुलांनाही पाहुणे म्हणून बोलावतं. वर्षातून एक सकाळ. केंड्रिसला पारखी माणसांपुढं उभं राहायला मिळणार ते त्या सकाळीच. ती हुकली की संपलं.

कोच ब्लेडसोंनी सांगून ठेवलं होतं, काट्यानं एकशे नव्वद पौंड दाखवले पाहिजेत. त्याहून कमी दिसलं तर त्या जागेसाठी कोणी मान वर करून बघतही नाही. केंड्रिसचं खरं वजन एकशे चौऱ्याऐंशी. वर्षभर मी त्याला लोण्यातली मऊ बिस्किटं आणि दाट ग्रेव्ही चारली, रोलंडानं शेंगदाण्याचं लोणी चमच्यानं भरवलं, तरी काटा हलला नाही. म्हणून पाणी. यात नवल काही नाही. सगळ्या कॉलेजांची पोरं हेच करतात, मोठ्या विद्यापीठाचीसुद्धा. वजन सकाळी सगळ्यांत आधी होतं, धावणं नंतर, आणि पाहुण्यांचं धावणं तर सगळ्यांत शेवटी. मधल्या वेळात पाणी ज्या वाटेनं जायचं त्या वाटेनं जातं.

"डीकन, हे खोटं आहे का?" केंड्रिसनं मागून विचारलं. आदल्या संध्याकाळी त्यानं मलाही हेच विचारलं होतं, आणि मी भांडी घासत राहिले होते.

"काय खोटं?"

"पाणी पिऊन काट्यावर उभं राहणं."

डीकननी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मार्च महिना, शेतं अजून उघडीच होती.

"आम्ही कापूस वेचायला उजाडायच्या आत रानात असायचो," ते म्हणाले. "का, सांग."

"उन्हाच्या आधी काम व्हावं म्हणून."

"दवासाठी. दवातला कापूस जड भरतो. माझी आई म्हणायची, जमीन मालकाची, बी मालकाचं, काटासुद्धा मालकाचा. दव तेवढं प्रभूनं पाठवलंय, ते आपण झोळीत घेतलं तर त्याला चोरी म्हणू नका."

"आणि काटेवाला काही बोलायचा नाही?"

"ते उरलेलं येताना सांगेन. तू पी."

विद्यापीठाचं ते मैदान आख्खं छपराखाली आहे. आमचं माउंट नेबो त्यात आठ वेळा मावेल आणि वर पार्किंगला जागा उरेल. हिरवं खोटं गवत, थंड केलेली हवा, भिंतीवर पुरुषभर उंचीचे फोटो. घरच्या माणसांना एका बाजूला लोखंडी पायऱ्यांवर बसवलं होतं आणि पुढं दोरी बांधली होती. पारखी माणसं साठेक असतील. सगळ्यांच्या टोप्यांवर आपापल्या संघाचं चिन्ह, गळ्यात स्टॉपवॉच, हातात कॉफी.

वजनाची खोली काचेची होती, त्यामुळं बाहेरून सगळं दिसत होतं. पोरं फक्त चड्डीवर रांगेत उभी. एकेक पुढं येतो, भिंतीला पाठ लावतो, हात पसरतो, पंजा टेबलावर फाकवतो. एक माणूस मापं मोठ्यानं वाचतो, दुसरा तीच पुन्हा म्हणतो, आणि समोर खुर्च्यांवर बसलेले साठ जण ती उतरवून घेतात. नंतर त्याला पाठमोरं उभं करतात, बाजारात उभं करावं तसं, म्हणजे पाय आणि कंबर नीट दिसावी.

डीकन रफिननी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि काचेकडं पाठ करून बसले.

"काय झालं?"

"काही नाही. मान अवघडलीय. त्याचं झालं की सांग."

केंड्रिसचं झालं. एकशे एक्क्याण्णव. आवाज काचेतून ऐकू आला नाही, पण त्यानं आमच्याकडं बघून भुवया किंचित वर केल्या, त्यावरून कळलं. मी मनात प्रभूचे आभार मानले. दवाचेच मानले म्हणायला हरकत नाही. बाहेर पडल्या पडल्या तो सरळ संडासाच्या दिशेनं निघाला.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

शिट्टी वाजवणारा माणूस स्ट्रिकलंड, त्या सगळ्या कार्यक्रमाचा कारभारी. दिसायला छान, बोलायला मऊ, प्रत्येक वाक्याला 'मॅम' आणि 'सर'. त्यानं सांगितलं की आज क्रम थोडा बदललाय. विद्यापीठाचा जो चेंडू फेकणारा गडी, ज्याचे फोटो हमरस्त्याच्या फलकांवर असतात, त्याला दुपारचं विमान गाठायचंय आणि टीव्हीवाल्यांनाही लवकर आवरायचंय. तेव्हा पाहुणे आत्ता लगेच धावतील, मग घरची मुलं, आणि मग त्या गड्याचं फेकणं.

"सर, मला पाच मिनिटं," केंड्रिस म्हणाला. तो संडासाच्या दारात होता. एक हात दारावर.

"बेटा, तुझं नाव यादीत पहिलं आहे. नाही आलास तर पुढचा धावेल आणि तू राहशील."

तो आला. अंग मोकळं करायलासुद्धा वेळ नाही. दोनदा गुडघे वर घेतले आणि रेघेवर वाकला. वाकताना त्यानं डोळे मिटले ते मी पाहिलं. पोटात बादली घेऊन माणूस कसा वाकेल? सुटला तो चांगला, पण मधेच कुठंतरी शरीर मागं राहिलं आणि पाय पुढं गेले. शेवटच्या रेघेपलीकडं तो गुडघ्यावर बसला आणि खोट्या गवतावर ओकला. पाणीच सगळं. स्वच्छ.

घरच्या मुलांपैकी कोणीतरी हसलं. एक पोरगा फडकं घेऊन आला.

चार सहासष्ट. सेकंदांचा हा हिशेब साध्या माणसाला कळणार नाही, पण टॉलिव्हरच्या खडबडीत मैदानावर, कोचच्या घड्याळात, हा पोरगा चार पंचेचाळीसच्या वर कधी गेला नव्हता. त्याच्या जागेला चार सहासष्ट म्हणजे नाव खोडणं. पारखी माणसांनी लिहून घेतलं आणि कॉफीचा घोट घेतला. वर्षाची एक सकाळ, आणि ती एवढ्यात संपली.

तरी मी शांत होते, कारण प्रत्येकाला दोन फेऱ्या असतात. दोनदा धावायचं, बरी असेल ती धरायची. जगभर हीच रीत आहे. केंड्रिस तोंड धुऊन आला, जे काय उरकायचं ते उरकून आला, आता हलका दिसत होता. दोरीपाशी पाय ताणत उभा राहिला. घरची मुलं धावली. पहिली फेरी. मग त्यांचीच दुसरी फेरी. मग स्ट्रिकलंडनं हात वर केला आणि दोघांनी धावपट्टीवरचे खुणेचे शंकू उचलायला सुरुवात केली.

"मिस्टर स्ट्रिकलंड," मी म्हणाले.

गायकवृंदात तीस वर्षं खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईचा आवाज छपराखाली बराच लांब जातो. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मॅम, घरच्यांनी दोरीच्या मागं थांबायचंय."

"मी मागंच आहे. आवाज तेवढा पुढं आलाय. पाहुण्यांची दुसरी फेरी राहिलीय."

तो जवळ आला, हसून. "मॅम, आज वेळेची अडचण आहे. पाहुण्यांना एकच. आणि हे आम्ही या मुलांसाठी फुकट करतोय, हे लक्षात घ्या."

"फुकट म्हणजे निम्मं, असं कुठं लिहिलंय?"

डीकन रफिन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. टोपी पुन्हा डोक्यावर होती.

स्ट्रिकलंडनं आवाज खाली आणला. "मॅम, स्पष्टच बोलतो. त्या मुलाच्या पोटात काय होतं ते आत्ता आपण सगळ्यांनी गवतावर पाहिलं. पाणी पिऊन वजन दाखवायचं, आणि पाणी टाकून धावायचं, असं दोन्हीकडून कसं चालेल?"

"तुमच्या मुलांच्या पोटात काय होतं?"

"त्याचा इथं संबंध नाही."

"त्यांना दोन तास मिळाले. वजनानंतर तुमची मुलं संडासाच्या दारात रांग लावून उभी होती, मी इथूनच बघत होते. ती काय प्रार्थनेची रांग होती?"

मागच्या पायरीवर कुणाची तरी आई फस्सकन हसली. स्ट्रिकलंडचे कान लाल झाले, पण चेहऱ्यावरचं हसू त्यानं हलू दिलं नाही. असं हसू मी ओळखते. शाळेच्या स्वयंपाकघरात तपासनीस येतात त्यांच्याकडं असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आपण न्यायानं वागू. ज्याला दुसरी फेरी हवी असेल त्यानं पुन्हा काट्यावर उभं राहायचं. आत्ताचं वजन, आणि मग आत्ताची धाव."

"सगळ्यांनी?" मी विचारलं.

"ज्याला हवी आहे त्यानं."

याला न्याय म्हणतात. घरच्या मुलांची जड वजनं आणि हलकी धाव दोन्ही त्यांच्या पदरात पडून गेली होती. प्रश्न फक्त आमच्या मुलाला. जड राहायचं असेल तर हळू राहा. वेगवान व्हायचं असेल तर सगळ्यांसमोर कमी भर. मी तोंड उघडलं, आणि जे येणार होतं ते चर्चच्या बाईला शोभणारं नव्हतं.

"मावशी, राहू दे," केंड्रिस म्हणाला.

तो दोरीला धरून उभा होता. पाहुण्यांतल्या दुसऱ्या एका मुलानं मान हलवून नकार दिला आणि पिशवी भरायला घेतली. केंड्रिस मात्र काचेच्या खोलीकडं बघत होता.

"राहू दे म्हणजे? घरी जायचं?"

"नाही. माझं वजन किती ते मला माहीत आहे. मी किती धावतो ते यांना माहीत नाही."

"कोच काय म्हणाले होते? एकशे नव्वदच्या खाली कोणी बघणार नाही."

"एकशे नव्वदला तरी कोण बघतंय, मावशी? सगळे त्याच्याकडं बघतायत." त्यानं हनुवटीनं पलीकडं दाखवलं. तिथं तो फलकांवरचा गडी चेंडू हातात फिरवत उभा होता आणि साठ टोप्या हळूहळू त्याच्याकडं सरकत होत्या.

त्यानं शर्ट काढला आणि एकटा आत गेला. या वेळी काचेचं दार उघडंच होतं. वाचणाऱ्या माणसानं वाचलं, "एकशे चौऱ्याऐंशी." आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "एकशे चौऱ्याऐंशी." दुसऱ्यांदा वाचायचं कारण नव्हतं. खुर्च्यांवर त्या वेळी कोणी बसलेलंही नव्हतं.

मग तो धावला. मी त्याचं वर्णन करत नाही. रेव्हरंड गेथर्स प्रवचनात बोलता बोलता एका क्षणी बोलणं सोडतात आणि सूर धरतात, आणि आपण कधी उभे राहिलो ते आपल्यालाच कळत नाही, तसं काहीतरी झालं. मी उभी होते. डीकन रफिन पायरीवर हातातली काठी आपटत होते. शेवटच्या रेघेवर घड्याळं घेऊन उरलेली माणसं तीन. बाकीची पाठमोरी होती.

तिघांतल्या एकानं आपलं घड्याळ दुसऱ्याला दाखवलं. दुसऱ्यानं आपलं दाखवलं. तिसरा, फाँटेनो नावाचा पोट सुटलेला म्हातारा पारखी, चालत केंड्रिसकडं आला.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. चार चव्वेचाळीस. मग त्यानं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का, बेटा?"

"नाही, सर. पाणी."

म्हातारा मोठ्यानं हसला. त्या छपराखाली दिवसभरात आमच्याबरोबर हसलेला साठ टोप्यांतला तो एकच माणूस.

परतीच्या वाटेवर आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर थांबलो. केंड्रिसनं तळलेल्या कॅटफिश माशाचे तीन तुकडे संपवले, मग माझा एक, मग डीकनचा अर्धा. गोड चहाचा ग्लास तेवढा त्यानं दूर सारला. म्हणाला, आठवडाभर काही पातळ दाखवू नका.

"डीकन," तो म्हणाला, "उरलेलं सांगणार होतात."

"काय उरलेलं?"

"काटेवाल्याचं."

डीकननी बोटं पुसली. "काटेवाल्याला माहीतच होतं की दव आहे. तो झोळीत हात घालायचा, कापूस पिळल्यासारखा करायचा आणि म्हणायचा, ओला आहे, इतकं कापतो. मनाला येईल तितकं. त्याच्या मेहुण्याचीही माणसं त्याच रानात, त्याच पहाटे वेचायची. त्या झोळीत त्यानं कधी हात घातला नाही. एकदा माझ्या आईनं विचारलं, साहेब, त्यांच्यासाठी वेगळा सूर्य उगवतो काय?"

"मग?"

"मग त्या हंगामात आमचा सगळाच कापूस ओला ठरला. दुपारी वेचलेलासुद्धा."

मी गाडी सुरू केली.

मला वाटलं होतं, निदान जे झालं ते तरी लोकांपुढं येईल. हलका तर हलका, पण वेगवान. चाचणीचे आकडे दोन दिवसांनी सगळीकडं छापून आले. केंड्रिस पेटवे, टॉलिव्हर कॉलेज. वजन एकशे चौऱ्याऐंशी. धाव चार सहासष्ट.

पुन्हा वाचा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळचं वजन आणि पहिल्या वेळची धाव. या दोन गोष्टी एका वेळी त्या पोराच्या अंगात कधीच नव्हत्या. पाणी पोटात होतं तेव्हाची धाव, आणि पाणी गेल्यावरचं वजन. असा माणूस प्रभूनं घडवलेलाच नाही. तो स्ट्रिकलंडनं घडवला.

शाळेच्या जेवणाची वेळ संपल्यावर मी त्याला फोन लावला.

"मॅम, दुसरी फेरी वेळापत्रकात नव्हती," तो मऊ आवाजात म्हणाला, "त्यामुळं तिची वेळ अधिकृत धरता येत नाही."

"आणि दुसरं वजन?"

"ते अधिकृत काट्यावर झालं, मॅम."

मी विचारलं, हे तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःला म्हणून दाखवू शकाल का. त्यानं मला शुभ दिवस चिंतला.

रविवारी मी चर्चला गेले ती आतून पेटूनच. गायकवृंदाचा झगा घातला, आपल्या जागी उभी राहिले, पण पहिल्या गाण्यात माझ्या शेजारची एटा मे मला कोपरानं ढोसत होती, कारण माझी पट्टी फार जोरात लागत होती.

रेव्हरंड गेथर्सना सगळं कळलं होतं. गाव केवढं? ते हळूच सुरू करतात, नेहमीसारखं, शेजारी ओसरीवर बसून बोलतो तसं. त्या दिवशी ते धीराबद्दल बोलत होते. केंड्रिस तिसऱ्या रांगेत रोलंडाजवळ बसला होता, मान खाली. रेव्हरंड म्हणाले, वर एक तराजू आहे. लोक म्हणाले, आमेन. तो कधी खोटा तोलत नाही. आमेन. तिथं दव कापत नाहीत आणि घाम विसरत नाहीत. ऑर्गन खालून हळूहळू वर येऊ लागला, आणि त्यांच्या आवाजाला ती कड आली, जिच्यासाठी मी पावसात, तापात, गुडघे धरून त्या चर्चची पायरी चढलेय. ते गाऊ लागले: "म्हणून मुला, वाट पाहा... वरच्या तराजूची वाट पाहा..."

सगळ्यांचं आमेन झालं. माझं काही केल्या निघेना. आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर आलं.

"आणि इथला?"

फार मोठ्यानं नाही. पण मघाशी सांगितलं तसं, माझा आवाज पुढं जातो.

रेव्हरंड थांबले. ऑर्गनवाल्या क्लीटसनं बोटं पट्ट्यांवर तशीच दाबून धरली, एकच सूर लांबत राहिला. मला वाटलं, आता मला बसवतील. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि वळून माझ्याकडं पाहिलं.

"सिस्टर ओझेला विचारतेय," ते म्हणाले, "इथला?"

त्यांनी रुमाल खिशात घातला.

"मी वरचा सांगत होतो, आणि माझी बहीण विचारतेय, इथला तराजू कोण बघणार." त्यांनी पुस्तक मिटलं. "बरोबर विचारतेय. वरचा तराजू प्रभू बघतो. त्याला माझी मदत नको." मग त्यांनी तोच लांबत राहिलेला सूर पकडला. "पण खालच्या काट्यावर... हात कुणाचा?"

"कुणाचा?" लोक म्हणाले.

"पारड्याखाली... बोट कुणाचं?"

"कुणाचं?"

"माझ्या आजोबानं पाहिलं ते बोट! माझ्या बापानं पाहिलं ते बोट! आणि हा पोरगा घरी येऊन सांगतो, रेव्हरंड, ते बोट अजून तिथंच आहे!"

डीकन रफिन उठून उभे होते. माझं आमेन तेव्हा निघालं. एकदा निघालं ते थांबेचना. केंड्रिसनं मान वर केली. सगळं चर्च उभं होतं, आणि रेव्हरंड गातच होते, की धीर धरा म्हणजे गप्प बसा असं प्रभूनं कुठंही म्हटलेलं नाही.

यानं काही बदललं का? नाही. रेव्हरंडनी पत्र लिहिलं, कोच ब्लेडसोंनी लिहिलं, उत्तर कुणालाच आलं नाही. एप्रिलच्या शेवटी तीन दिवस आम्ही रोलंडाच्या घरी टीव्हीसमोर बसलो. पहिल्या दिवशी तो फलकांवरचा गडी निवडला गेला, बापाला मिठी मारून रडला. पोरगं चांगलं होतं, त्याचं माझ्याशी काही वैर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं नाव पुकारलं गेलं. ते केंड्रिसचं नव्हतं. पुकारलेल्या नावांत एक नाव मी ओळखलं. त्या दिवशी घरच्या मुलांत धावलेला, केंड्रिसहून हळू, केंड्रिसच्याच जागेचा. वजन एकशे त्र्याण्णव. त्याचं खरं वजन प्रभूला ठाऊक.

रोलंडा उठून कोलार्डच्या पालेभाजीच्या पातेल्याखालचा गॅस बंद करायला गेली. डीकन खुर्चीत झोपले होते, निदान तसं दाखवत होते. आणि केंड्रिसचा फोन वाजला.

त्यानं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं.

"फाँटेनो बोलतोय. आठवतोय का?"

"हो, सर. जेवलास का विचारलं होतं तुम्ही."

"छापलेला आकडा मी पाहिला. माझ्या घड्याळात जे आहे ते अजून माझ्याकडं आहे. ऐक, माझ्या हातात करार नाही. पुढच्या आठवड्यात आमच्याकडं तीन दिवसांचं शिबिर आहे. येशील तर बघू. जागा द्यायचं वचन मी देत नाही."

"हो, सर."

"सगळ्यांत आधी काट्यावर उभं करतील. आत्ता वजन किती आहे?"

रोलंडा स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात धरून उभी होती. तिनं ओठांनीच सांगितलं, नव्वद. एकशे नव्वद म्हण.

"एकशे चौऱ्याऐंशी, सर," केंड्रिस म्हणाला. "कोरडं."

पलीकडं कागदावर काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

"आणि सर, एक विचारू का?"

"विचार."

"तिकडं दोन फेऱ्या सगळ्यांना असतात ना?"

मी रोलंडाकडं पाहिलं. डीकन रफिननी एक डोळा उघडला.

"असतात," म्हातारा म्हणाला. "मी उभा असेन तिथं."

"मग येतो," केंड्रिस म्हणाला.